निळं झालं म्हणजे काय? भाजीतलं औषध तपासणाऱ्या कार्डांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ओझरतं एक वाक्य लिहिलं होतं, की भाजीवरचं कीटकनाशक घरच्या घरी तपासायची कार्डं आता मिळायला लागलीत. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. माझी बरीच वर्षं अन्नतपासणीच्या लॅबमध्ये गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. उत्तरं थोडी लांबतील, सांभाळून घ्या.

ताई, आमच्या सोसायटीत दर रविवारी भाजीचा टेम्पो येतो. ग्रुपवर कुणीतरी पेस्टिसाइड टेस्ट कार्डची लिंक टाकली, पंधरा मिनिटांत रिझल्ट म्हणे. वर्गणी काढून पन्नास कार्डं घ्यायचं चाललंय. खरंच कळतं का त्यात? – मुलुंड पूर्व

कळतं, पण नेमकं काय कळतं ते आधी समजून घ्या आणि मग वर्गणी काढा.

आपल्या नसांमध्ये एक एन्झाइम असतं, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज, नाव मोठं आहे पण काम साधं, एका नसेचा निरोप पुढे पोचला की तो निरोप पुसून टाकायचा म्हणजे पुढचा निरोप जाऊ शकेल. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन जातीची औषधं नेमकं हेच एन्झाइम अडवतात, मग निरोप पुसला जात नाही, नसा सतत पेटलेल्या राहतात आणि किडा तडफडून मरतो. माणसातही तेच एन्झाइम आहे, म्हणून तर ही औषधं आपल्यालाही घातक. कार्डवाल्यांनी हीच गोष्ट उलटी वापरलीय. कार्डावर एका बाजूला पांढरी गोल चकती असते, तिच्यात हे एन्झाइम सुकवून ठेवलेलं असतं, दुसऱ्या बाजूला लाल चकती, तिच्यात रंग देणारं रसायन. भाजी धुतलेलं पाणी पांढऱ्या चकतीवर टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग कार्ड मधोमध दुमडून दोन्ही चकत्या एकमेकींवर तीन मिनिटं दाबून धरायच्या. एन्झाइम जिवंत असेल तर ते लाल चकतीतलं रसायन तोडतं आणि पांढरी चकती निळी होते. औषधानं एन्झाइमचा गळा धरला असेल तर चकती पांढरीच राहते. म्हणजे निळं ते बरं आणि पांढरं ते वाईट, आणि इथेच निम्म्या लोकांची गल्लत होते कारण आपल्याला सवय असते की रंग आला म्हणजे काहीतरी सापडलं.

आता माझ्या ओट्यावर काय झालं ते सांगते. दादरहून मेथी आणि कोथिंबीर आणली होती. दोन्हीची पाच-पाच ग्रॅम पानं घेतली, कात्रीनं सेंटिमीटरभर तुकडे केले, किटमधल्या दहा मिली पाण्यात (ते साधं पाणी नसतं, बफर असतं, म्हणजे आंबटपणा एकसारखा राखणारं द्रावण) घालून बाटली पन्नास वेळा हलवली, दोन मिनिटं ठेवलं. तीन कार्डं घेतली, एक मेथीचं, एक कोथिंबिरीचं आणि तिसऱ्यावर नुसता बफर. मेथी निळी झाली. नुसता बफरही निळा. कोथिंबीर पांढरीफट्ट! घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले, दुपारच्या वड्यांसाठीच आणली होती ती. मग मी त्याच जुडीतली पानं न कापता, अख्खी, बफरमध्ये बुडवून परत कार्ड लावलं, आणि यावेळी निळं आलं. कोथिंबीर कापली की तिच्या रसातले स्वतःचेच पदार्थ एन्झाइमला त्रास देतात, त्यात औषधाचा काही संबंध नसतो. कांदा, लसूण, मुळा, मशरूम, टोमॅटोचा रस, सगळ्यांचं हेच, म्हणून या भाज्या कापायच्या नाहीत, अख्ख्याच बुडवायच्या. हे माहीत नसेल तर तुमच्या सोसायटीत रविवारी सकाळी त्या टेम्पोवाल्याची नाहक बदनामी होईल आणि त्याचं गिऱ्हाईक तुटेल, आणि त्याचा काडीचाही दोष नसेल.

ते तिसरं, नुसत्या बफरचं कार्ड कधीच चुकवू नका. एन्झाइम नाजूक असतं, उन्हात पडलेलं पार्सल, पावसाळ्यातली दमट हवा यानं ते मरतं, आणि मेलेलं एन्झाइम कुठल्याही भाजीला पांढराच रिझल्ट देणार. कार्डं फ्रिजमध्ये, पाकीट नीट बंद करून ठेवा. आणि त्याला आपल्या अंगाइतकी ऊब लागते, ३७ अंशाच्या आसपास, त्यामुळे दुमडलेलं कार्ड बोटांच्या चिमटीत धरून ठेवायचं, डिसेंबर-जानेवारीत थोडा वेळ जास्त द्यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निळं आलं म्हणजे भाजी स्वच्छ, असं अजिबात नाही. हे कार्ड फक्त त्या दोन जातींपुरतं बोलतं. सायपरमेथ्रिन त्याला दिसत नाही, इमिडाक्लोप्रिड दिसत नाही, मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकं दिसत नाहीत, तणनाशक ग्लायफोसेट दिसत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेटमधलंच क्लोरपायरिफॉस घ्या, ते जसंच्या तसं असेल तर एन्झाइमला फार कमी अडवतं, त्याचं ऑक्सिडेशन झालं की मगच जोर येतो, म्हणून काही पद्धतींत आधी ब्रोमीनचं पाणी वापरतात. आणि नजर किती बारीक? चीनमध्ये बाजारांत ही कार्डं खूप वापरतात, तिथल्या सरकारी पद्धतीत कार्डाची पकडायची हद्द औषधाप्रमाणे किलोला साधारण ०.३ ते ३.५ मिलिग्रॅम दिलीय. आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम असा, की ज्या भाजीसाठी एखाद्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम. ०.०१ म्हणजे शंभर टन भाजीत एक ग्रॅम. त्यामुळे कार्ड पांढरं पडण्याइतकं औषध खरोखर असेल तर ते भरपूरच आहे, कदाचित आदल्या दिवशीच मारलेलं. पण कार्ड निळं आलं तर नियमात बसतं की नाही ते कार्ड सांगूच शकत नाही.

तर घ्या, पण पन्नास नको, दहा घ्या. आणि पांढरं आलं तर टेम्पोवाल्याशी भांडू नका, त्याला विचारा माल कुठल्या गावचा, तोडा कधीचा.

मी ऑनलाइन साडेचार हजाराचं मशीन घेतलं, मोबाइलएवढं आहे. सुई भाजीत खुपसली की स्क्रीनवर हिरवं, पिवळं किंवा लाल येतं. पालकाला कायम लाल दाखवतंय. पालक बंद करू का? आमच्या ह्यांचं म्हणणं की पैसे पाण्यात गेले. – प्रभादेवी

पालक बंद करू नका ताई.

तुम्ही मशीनच्या डब्याचा फोटो पाठवलात हे बरं केलंत, त्यावर बारीक अक्षरात नायट्रेट असं लिहिलंय. हे मशीन भाजीच्या रसातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून नायट्रेटचा अंदाज बांधतं, बस. कीटकनाशक किलोला मिलिग्रॅमच्याही अंशात असतं, तेवढ्यानं वीज वाहण्यात काही फरक पडत नाही, त्यामुळे भाजीवर औषधाची अख्खी बाटली उपडी केली नसेल तोवर त्या सुईला त्याचा पत्ताही लागणार नाही. पालक, मेथी, चवळी यांसारख्या पालेभाज्यांत नायट्रेट मुळातच जास्त असतं, जमिनीतून घेतात त्या, म्हणून लाल.

खात्री करायची तर एक काकडी घ्या, मधोमध कापा, एका तुकड्याला मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, पुसा आणि दोन्ही तुकड्यांत सुई घाला. मिठाच्या तुकड्याचा आकडा वर जाईल. काकडी तीच, शेत तेच, फक्त मीठ लागलं. डब्यावर पेस्टिसाइड टेस्टर असं ठळक छापून हे विकतात त्याचा मला मनापासून राग येतो, कारण घेणारी माणसं लहान मुलांच्या काळजीनं घेतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिल ठेवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, मराठीतही बोलतात.

द्राक्षांवर पांढरी पावडर असते ती औषधाचीच ना? नातीला देताना जीव घाबरतो. – गिरगावातली एक आजी

आजी, बोटानं पुसल्यावर पातळ, एकसारखी निघते ती बहुतेक द्राक्षाचीच मेणासारखी लव असते, फळ ती स्वतः बनवतं, ती असणं म्हणजे फळ ताजं आहे. ठिपक्याठिपक्यांनी, देठापाशी साठलेली, वाळलेल्या थेंबाच्या आकाराची निळसर-पांढरी असेल तर ती फवाऱ्याची असू शकते, चुना-मोरचुदाचं मिश्रण तसं दिसतं. पण डोळ्यांना दिसत नाही ते औषध नाहीच असं म्हणता येत नाही. २०१० साली आपली निर्यातीची द्राक्षं युरोपात अडकली होती ना, ती क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ रोखणाऱ्या रसायनामुळे, आणि ते काही कुणाला घडावर दिसलं नव्हतं, मशीनवर सापडलं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, निर्यातीच्या द्राक्षांच्या तपासणीची मुख्य लॅब तीच. युरोपात जाणाऱ्या घडाची एवढी तपासणी होते आणि आपल्या नातीच्या वाटीत येणाऱ्या घडाला तेवढी नाही, हे मला फार लागतं. तुम्ही घड सुटा करून, मणी वाहत्या पाण्याखाली चोळून द्या, घाबरू नका.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री. प्रोजेक्टसाठी हातात मावणाऱ्या रामन मशीनवर वाचतेय. हे घराघरात येईल का? आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यानं होईल का? – विलेपार्ले

विषय छान घेतलास गं. कॅमेऱ्याचं आधी सांगते, नुसत्या फोटोवरून औषध ओळखतो म्हणणाऱ्या अ‍ॅपवर विश्वास ठेवू नकोस. कार्डाचा निळा रंग डोळ्यांपेक्षा अचूक वाचायला मात्र मोबाइल कामाचा, ते वेगळं काम आहे.

रामनचं असं की लेझरचा प्रकाश रेणूवर पडला की त्यातला अगदी थोडा प्रकाश रंग बदलून परत येतो, आणि तो बदल त्या रेणूची ओळख असतो, आधार कार्डासारखी. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ला हा शोध लावला, आपण त्या दिवशी विज्ञान दिन करतो. पण हा सिग्नल फार मंद असतो. १९७४मध्ये इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनला दिसलं की खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूचा सिग्नल प्रचंड वाढतो, आणि तिथून सर्स नावाची पद्धत निघाली. आज सफरचंदाच्या सालीवर सोन्या-चांदीचे नॅनोकण टाकून हातातल्या मशीननं थायरमसारखं बुरशीनाशक पकडता येतं, कारण थायरममधला गंधक सोन्याला घट्ट चिकटतो. जे औषध असं चिकटत नाही ते मात्र निसटतं. शिवाय पालेभाजीचा हिरवा रंगच लेझरमध्ये चमकतो आणि त्या उजेडात सिग्नल बुडून जातो. म्हणून रिसर्च पेपरमध्ये वाचशील तेव्हा बघ, त्यांनी शुद्ध पाण्यात औषध मिसळून मोजलंय की बाजारातल्या भाजीवर, ह्या एका प्रश्नावर निम्मे पेपर गळतात.

तुझ्या प्रोजेक्टला मी म्हणेन की लॅटरल फ्लो पट्टीही घे, कोविडच्या टेस्टसारखी असते, अँटिबॉडीवर चालते, एका औषधासाठी एक पट्टी. गंमत म्हणजे हिच्यात बहुतेक वेळा उलटं असतं, औषध असेल तर टेस्टची रेघ फिकी पडते किंवा जाते. कार्ड ढोबळपणे विचारतं की एन्झाइम अडतंय का, आणि पट्टी नाव घेऊन विचारते की कार्बेन्डाझिम आहे का. दोन्ही शेजारी ठेवून एकाच टोमॅटोवर करून बघ आणि मला कळव, मला खरंच वाचायला आवडेल.

लॅबमध्ये भाजी दिली तर सामान्य माणसाची घेतात का? – बोरिवली

घेतात. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेच्या साइटवर मुंबई, नवी मुंबई, ठाण्याच्या लॅब शोधता येतात, फक्त फोन करून विचारा की कीटकनाशक अवशेष त्यांच्या मान्यतेत आहे का आणि किती औषधं तपासणार. तिथे भाजी गोठवून दळतात, अ‍ॅसिटोनायट्राइलनं औषध ओढून काढतात, ही २००३ साली आलेली क्वेचर्स पद्धत, आणि मग मास स्पेक्ट्रोमीटरवर एका झटक्यात शेकडो औषधं बघतात. किलोभर तरी भाजी लागते, न धुता, स्वच्छ पिशवीत, त्याच दिवशी.

आणि एक हक्क फार कमी जणांना माहितीये. अन्नसुरक्षा कायद्याच्या ४०व्या कलमानुसार ग्राहक स्वतः फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडून माल तपासून घेऊ शकतो, फक्त विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायला लागतं. माल नियमात बसला नाही तर भरलेली फी परत मिळते.

रुळाकडेच्या पालेभाजीला कार्ड लावलं, निळं आलं. मग ती खायला हरकत नाही ना? – कुर्ला

हरकत आहे. तिथला प्रश्न औषधापेक्षा नाल्याच्या पाण्याचा, त्यातल्या जंतूंचा आणि शिसं-कॅडमियमसारख्या धातूंचा आहे, आणि ते या कार्डाला दिसत नाहीत.

नुसतं धुवून किती जातं? मीठ, हळद, व्हिनेगर, सोडा, सगळे वेगवेगळं सांगतात. – चेंबूर

वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं हे पहिलं. सोड्याचा चांगला पुरावा आहे, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७मध्ये सफरचंदांवर दोन औषधं लावून बघितलं, लिटरला दहा ग्रॅम खायचा सोडा आणि बारा ते पंधरा मिनिटं, सालीवरची दोन्ही औषधं निघून गेली. पण त्यातल्या थायाबेन्डाझोलचा साधारण पाचवा हिस्सा सालीच्या आत मुरलेला होता, तो कशानंच निघाला नाही. आत मुरलेलं त्यांनी शोधलं ते वर सांगितलेल्या सर्स पद्धतीनंच. भांडी घासायचा लिक्विड भाजीला लावू नका, कृपा करा.

माझा भाऊ जुन्नरला भाजी करतो, माल वाशीला येतो. मी इकडे कंपनीत. तुमचं वाचून वाटलं की कार्ड त्यालाच पाठवावं, पण तो म्हणेल मला चोर समजतोस का. – भांडुप

दादा, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यात मोलाचं वाटलं. हे कार्ड खरं तुमच्या भावाच्या बांधावरच शोभतं. आमच्या ओट्यावर ते पांढरं पडलं तर आम्ही एक जुडी फेकणार, बाकीचा टेम्पो केव्हाच घरोघरी गेलेला असतो. वाशीच्या गाळ्यावर पांढरं पडलं तर अडत्या भाव पाडेल, फार तर. पण तोड्याच्या आदल्या दिवशी शेतात पांढरं पडलं तर अजून सगळं हातात आहे, काही फेकायचं नाही, फक्त थांबायचं. ऊन, वारा आणि झाडाची वाढ यानं औषध रोज थोडं थोडं कमी होत जातं, म्हणून तर प्रत्येक औषधाच्या बाटलीवरच्या कागदात लिहिलेलं असतं की फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही. तो कागद इतक्या बारीक अक्षरात असतो की शेतात उभं राहून कुणी वाचूच शकत नाही, हा दोष शेतकऱ्याचा नाही. आणि भाव चढला की थांबणं किती अवघड असतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

त्याला चोर म्हणून नको, आधी त्याच्याच जिवासाठी सांगा. गावाकडे आपण औषध मारलं म्हणतो, विष मारलं म्हणत नाही, त्यामुळे तोंडाला साधं फडकं बांधून पाठीवर पंप घेतात. २०१७मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना २०हून जास्त शेतकरी-मजूर गेले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. कार्डावर जे एन्झाइम आहे तेच फवारणाऱ्याच्या रक्तात असतं आणि तिथेही ते असंच अडतं. बोटातल्या थेंबभर रक्तावर ते मोजणारी छोटी मशीन्स निघालीत, आणि कॅलिफोर्नियात तर १९७४पासून अशी औषधं हाताळणाऱ्या कामगारांचं रक्त ठरावीक काळानं तपासायचा नियम आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत फवारणीच्या हंगामात हे व्हायला पाहिजे असं मला फार वाटतं. त्याला विचारा, फवारून आल्यावर डोकं दुखतं का, तोंडाला पाणी सुटतं का, डोळ्यापुढे धूसर होतं का. होत असेल तर आधी दवाखाना, बाटली सोबत घेऊन, म्हणजे डॉक्टरांना औषधाचं नाव कळेल.

आणि शेताचं असं करा. वाफ्याच्या एकाच कोपऱ्यातून नको, आठ-दहा ठिकाणची पानं मिसळून घ्यायची, बांधाकडचीही आणि मधलीही, कारण फवारा कुठेच सारखा पडत नाही. सोबत नुसत्या बफरचं कार्ड. मोनोक्रोटोफॉस घरात असेल तर भाजीवर नकोच, ते भाजीपाल्यावर वापरायला २००५पासून मनाई आहे. बाकी औषधाचे दिवस भरले असतील आणि कार्ड निळं आलं तर तोडा. पांढरं आलं तर दोन दिवसांनी पुन्हा. ज्या औषधांना हे कार्ड बघतच नाही त्यांच्यासाठी मात्र दिवस मोजणं हाच उपाय, म्हणून त्याला एक वही करून द्या, तारीख, औषधाचं नाव, किती मिली, तोडा कधी, आणि वाळलेलं कार्ड त्याच पानाला स्टेपल करायचं. निळा रंग काही दिवसांनी उडतो, तेव्हा शेजारी पेननं लिहून ठेवायला सांगा.